बारावीनंतर ‘स्पीच अँड हिअरिंग’ घेऊ का?

‘ताई, नमस्कार. मी उदगीरची. यंदा बारावी सायन्स झाली, विषय पीसीबी. नीटचे मार्क बघता एमबीबीएस होणार नाही हे घरात सगळ्यांना कळून चुकलंय. लातूरच्या क्लासचे सर म्हणतात, एक ड्रॉप घे, पुढच्या वर्षी नक्की. बाबा म्हणतात, फिजिओथेरपी घे, लोकांना निदान नाव तरी माहीत आहे. माझ्या मनात वेगळंच आहे. माझ्या मावसभावाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. त्याचं कॉक्लिअर इम्प्लांटचं, म्हणजे आतल्या कानात ऐकण्याचं यंत्र बसवायचं, ऑपरेशन झालं आणि नंतर मावशी त्याच्या थेरपीसाठी पुण्यात खोली करून राहिली. सुट्टीत मी तिच्याकडे गेले की थेरपीला सोबत जायचे. तिथल्या मॅडम नेमकं काय करतात ते कळायचं नाही, पण बघत बसावंसं वाटायचं. याची डिग्री असते हे त्यांनीच सांगितलं. आत्या म्हणते, “म्हणजे मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत मास्तरीण होणार तू!” हा कोर्स नक्की काय आहे? कुठे करावा? एक वर्षाचा डिप्लोमाही असतो म्हणतात, तो केला तर चालेल का? नोकरी मिळते का, परदेशात जाता येतं का? आणि माझं इंग्रजी बोलणं कच्चं आहे, त्यानं अडेल का?’

आत्यापासून सुरुवात करते. बाबांचं मत वळवायला एक माहितीपुस्तिका पुरेल, आत्यासाठी जरा जास्त बोलावं लागेल.

कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवणं हा स्वतंत्र पेशा आहे आणि चांगला पेशा आहे. त्यासाठी बारावीनंतर विशेष शिक्षणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा किंवा पदवीनंतर विशेष बी.एड. करतात. तू विचारतेस ती डिग्री निराळी. तिचं पूर्ण नाव बॅचलर ऑफ ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, आणि सगळे तिला बीएएसएलपी म्हणतात. ही दवाखान्यातली डिग्री आहे: तपासणी, निदान, थेरपी, यंत्रं. आत्याला हेही सांग की ऐकू न येणारा माणूस ‘मुका’ नसतो. त्याचा घसा, जीभ, ओठ सगळं शाबूत असतं. कानावर शब्द पडले नाहीत म्हणून ते तोंडात आले नाहीत, एवढंच. आणि जे खुणांच्या भाषेत बोलतात तेही बोलतातच. भारतीय सांकेतिक भाषा ही पुरी भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे.

आता डिग्रीच्या नावातले दोन भाग. आपल्याकडे पदवीला दोन्ही एकत्र शिकवतात आणि पुढे एमएस्सीला कुणी ऑडिओलॉजी घेतं, कुणी स्पीच. म्हणजे आज, सतरा-अठराव्या वर्षी, तुला दोनातलं एक निवडायची गरज नाही. मला ही आपल्या पद्धतीतली फार सोयीची गोष्ट वाटते, कारण पहिल्या वर्षी ‘मला फक्त लहान मुलांबरोबर काम करायचंय’ म्हणणाऱ्या कितीतरी मुली तिसऱ्या वर्षी मशिनच्या प्रेमात पडतात.

ऑडिओलॉजी म्हणजे ऐकण्याची तपासणी. ईएनटी डॉक्टरांचं काम वेगळं. कानातला मळ, पडद्याचं भोक, पू, औषधं, ऑपरेशन हे त्यांचं. ऐकू किती येतं, कोणत्या पट्टीचे आवाज येत नाहीत, दोष मधल्या कानात आहे की आतल्या, यंत्र लावायचं तर कोणतं आणि त्याची सेटिंग कशी ठेवायची, हे आपलं, म्हणजे ऑडिओलॉजिस्टचं. वाचायला कोरडं वाटेल, पण तीन वर्षांच्या पोराची तपासणी एकदा बघ. त्याला ‘आवाज आला की बोट वर कर’ सांगून चालत नाही. कानाला हेडफोन लावायचे, हातात प्लास्टिकची रिंग द्यायची, समोर दांडा ठेवायचा. रिंग गालाशी धरून वाट बघायची आणि ‘टुं’ ऐकू आलं की दांड्यात टाकायची. सुरुवातीला त्याचा हात धरून आपणच टाकतो. मग पोरगं रंगतं, आणि रंगलं की आवाज नसतानाही रिंगा टाकत सुटतं. चलाख असेल तर आवाजाची वाटच बघत नाही, आईच्या तोंडाकडे बघतं. आईच्या भुवया जरा हलल्या की रिंग पडलीच! म्हणून आईला त्याच्या मागे बसवायचं. असं करत २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेका स्वराला सगळ्यात हळू कोणता आवाज ऐकू आला ते शोधायचं आणि आलेखावर मांडायचं. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. तो कागद म्हणजे ऑडिओग्राम. मावशीच्या फायलीत एखादा असणारच, मागून बघ. जोडीला बेरा चाचणीचाही कागद असेल. त्यात झोपलेल्या बाळाच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवतात आणि कानात सोडलेल्या आवाजाला श्रवणाच्या नसा आणि मेंदूचा देठ कसा प्रतिसाद देतात ते मोजतात. बाळ झोपेपर्यंत त्या खोलीबाहेर सगळे कुजबुजत बोलतात आणि कुणाचा तरी मोबाइल नेमका तेव्हाच वाजतो.

या सगळ्यात घाई का असते तेही कळू दे. जगभर एक नेम सांगितला जातो: बाळ महिन्याचं व्हायच्या आत पहिली चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत यंत्र आणि थेरपी सुरू. भाषा बसण्याची वर्षं पहिली काहीच असतात. आपल्याकडे मात्र तोवर वेखंड उगाळून चाटवून होतं, जिभेखालचा टाका कापून आणला जातो, ‘याचे काकाही उशिरा बोलले’ असं म्हणून वर्ष जातं, मग कुणीतरी मागे ताट वाजवून बघतं आणि पोराने मान वळवली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. ताटाच्या दणक्याला वळलेल्या बाळाला ‘स’ आणि ‘फ’ ऐकू येत नसतील, हे ताट सांगत नाही.

स्पीचचा भाग याहून पसरट. बाहेरच्यांना वाटतं, स्पीच थेरपी म्हणजे तोतरेपणा घालवणे. अडखळत बोलणारे लोक येतातच, पण रांगेत आणखी कोण कोण असतं बघ. अडीच वर्षांचा होऊनही शब्द नसलेला मुलगा. ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाडी’ला ‘दाडी’ म्हणणारी, आता शाळेत मुलं हसायला लागलेली मुलगी. स्वमग्न मुलं. टाळू फाटलेलं बाळ, ज्याचं ऑपरेशन झालं तरी हवा नाकातून निसटते. वर्गात ओरडून ओरडून आवाज बसलेले शिक्षक. यांच्या स्वरतंतूंवर गाठी येतात आणि त्यांना बोलायचं कसं हे नव्याने शिकावं लागतं. लकव्यानंतर घास गिळताना ठसका लागणारे रुग्ण, कारण गिळणं हाही आपलाच विषय आहे, हे ऐकून पहिल्या वर्षाची मुलं हमखास चकित होतात. आणि लकव्यानंतर बोली गेलेली माणसं. हातातलं घड्याळ दाखवून ‘हे काय?’ विचारलं तर आजोबा ‘चष्मा’ म्हणतात. आपण चुकलो हे त्यांना त्याच क्षणी कळतं. मग ते परत प्रयत्न करतात, परत ‘चष्मा’च येतो, आणि चिडून मान फिरवतात. घरचे बाजूला घेऊन विचारतात, ‘डोक्यावर परिणाम झालाय का?’ तसं नसतं. माणूस पहिल्यासारखाच आत असतो, नेमका शब्द सापडत नसतो.

इथेच तुझा पहिला निकष लाव. हे काम हळू चालतं. एक ‘क’ जिभेच्या मागच्या भागातून काढायला शिकवण्यात आठवडे जातात, मग तो शब्दात बसवण्यात, मग वाक्यात, मग घरी भावंडांशी भांडताना. तुझ्या मावसभावाचं ऑपरेशन काही तासांत झालं असेल, थेरपीसाठी मावशीला घर सोडून राहावं लागलं. ज्याला निकाल त्याच आठवड्यात हवा असतो त्याने इकडे येऊ नये. कंटाळतो आणि रुग्णालाही कंटाळवतो. कळत नसतानाही तू तिथे बसून राहिलीस. तुझ्या नीटच्या मार्कांपेक्षा मला ही माहिती जास्त उपयोगाची वाटते.

अभ्यासक्रम चार वर्षांचा: तीन वर्षं शिक्षण, चौथं इंटर्नशिपचं. बारावी झाली, सुटलो एकदाचे फिजिक्समधून, अशा आनंदात आलेली मुलं पहिल्याच वर्षी ध्वनिशास्त्रात अडकतात. डेसिबल, वारंवारता, थोडं इलेक्ट्रॉनिक्स, सगळं आहे. शिवाय कान-घसा-मेंदूची शरीररचना, भाषाविज्ञान, मानसशास्त्र, पुढे संख्याशास्त्र. नंतर विकारांचे विषय, श्रवणयंत्रं, इम्प्लांट, कारखान्यांतल्या गोंगाटाचं मोजमाप. आणि या सगळ्याच्या बरोबरीने क्लिनिक. सकाळी ओपीडीत पांढरा कोट, दुपारी लेक्चर, रात्री उद्याच्या थेरपीसाठी चित्रं कापत बसायचं. होस्टेलच्या खोल्यांत कात्री, फेविकॉल आणि प्लास्टिकची भाजी-फळं कायम सापडतात.

डिप्लोमा की डिग्री? एक वर्षाचा डिप्लोमा खरा आहे, मान्यताप्राप्त आहे, पण तो सहायकाच्या कामासाठी आहे: तज्ज्ञाच्या हाताखाली प्राथमिक तपासण्या, थेरपीत मदत. एक वर्षाचाच दुसरा एक डिप्लोमा श्रवणयंत्रांची दुरुस्ती आणि कानाचे साचे तयार करणं शिकवतो. हाताने काम करायला आवडणाऱ्याला तो छान आहे. घरची परिस्थिती अशी असेल की वर्षभरात कमावणं भागच आहे, तर डिप्लोमा घ्यायला मी नाही म्हणणार नाही. पण ‘आधी डिप्लोमा करू, मग बघू’ हा बेत तुझ्यासाठी नको. तुला पीसीबी आहे, नीट दिलीयेस, डिग्रीचं दार उघडं आहे. सांकेतिक भाषेचं दुभाषी व्हायचं असेल तर त्याचाही वेगळा डिप्लोमा दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्रातर्फे चालतो. ती वाट अगदी निराळी, पण तुझ्या मैत्रिणींपैकी कुणी आर्ट्सला असेल तर तिच्या कानावर घाल.

आता प्रवेश. महाराष्ट्रातल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कॉलेजांत हा प्रवेश नीटच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी सेलच्या प्रक्रियेतून होतो. बाबांसाठी आनंदाची गोष्ट म्हणजे फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीही त्याच प्रक्रियेत येतात. म्हणजे भांडण करायची गरज नाही, पसंतीक्रमात दोन्ही भरता येतं. फक्त वर कोणतं लिहायचं ते तू ठरव. पात्रतेच्या अटी आणि तारखा त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच वाच. यूट्यूबवरच्या ‘कटऑफ एक्सपर्ट’ दादांचा व्हिडिओ मागच्या वर्षीचा असतो आणि थंबनेल यंदाचा.

मुंबईत दोन मोठी नावं. बांद्रा रिक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही केंद्र सरकारची, १९८३ साली सुरू झालेली. सामाजिक न्याय मंत्रालयाखाली चालते, आणि लहान मुलांना सरकारी खर्चाने कॉक्लिअर इम्प्लांट मिळवून देणाऱ्या केंद्राच्या योजनेचं कामही तिच्याकडे आहे. तिच्या प्रवेशाच्या सूचना तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर वेगळ्या बघायच्या. दुसरं नायर हॉस्पिटलचं टोपीवाला मेडिकल कॉलेज. महापालिकेचं हे कॉलेज या विषयातल्या देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांपैकी एक चालवतं, आणि मोठ्या रुग्णालयात असल्याने तिथे सगळ्या प्रकारचे रुग्ण दिसतात. पुण्यात भारती विद्यापीठाचा विभाग आहे. ते अभिमत विद्यापीठ, तेव्हा फी आणि प्रवेशाचे नियम त्यांचे स्वतंत्र.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूर. तिथली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग १९६५ सालची, केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाची. आमच्या क्षेत्रात ‘म्हैसूरची’ एवढं म्हटलं तरी पुरतं. तिची प्रवेशपरीक्षा वेगळी, त्यामुळे नीटची चिंता नाही, आणि तिथे भौतिक-रसायनच्या जोडीला जीवशास्त्राऐवजी गणितवालेही बसू शकतात. तू उदगीरची, कर्नाटकची सीमा तुला नवी नाही, कन्नड कानावरून गेलेलं असणार. तिथल्या क्लिनिकमध्ये त्याचा फायदा होईल. बिदरची रेल्वे तुझ्या गावातूनच जाते ना? त्याशिवाय मणिपाल, चेन्नईचं श्री रामचंद्र आणि तिरुवनंतपुरमची ‘निश’ ही दक्षिणेतली जुनी, नाव असलेली ठिकाणं. दक्षिणेत हा विषय आपल्यापेक्षा जास्त रुजलाय, हे कबूल करायला हवं.

पण नावांच्या यादीवरून कॉलेज निवडू नकोस. एकच गोष्ट बघ: तिथली ओपीडी. एखाद्या सोमवारी सकाळी जाऊन बाकावर बस. किती रुग्ण येतात? त्यांत लहान मुलं किती, म्हातारे किती? विद्यार्थी स्वतः तपासतात की सीनिअरच्या मागे वही घेऊन उभे असतात? ध्वनिरोधक खोली चालू आहे की तिच्यात खुर्च्या रचून ठेवल्यात? बेरा मशिन आहे म्हणतात, पण शेवटची तपासणी कधी झाली? हे प्रश्न ऑफिसात विचारू नकोस, कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचार. त्या खरं सांगतील, शिवाय मेसचंही सांगतील. नवी इमारत, काचेची दारं आणि महिन्याला मोजके रुग्ण अशा ठिकाणी चार वर्षं काढलेली मुलगी पहिल्या नोकरीत रडकुंडीला येते. आणि पाणी गळणाऱ्या जुन्या इमारतीतल्या गर्दीच्या ओपीडीतून आलेली मुलगी रडणाऱ्या बाळाच्या कानाचा साचा बोलता बोलता घेते: आत कापसाचा बोळा, सिरिंजने मऊ मसाला भरायचा, तो घट्ट होईपर्यंत बाळाचं डोकं धरून गाणं म्हणायचं, मग अलगद फिरवून काढायचं. हे पुस्तकातून येत नाही.

एक मात्र कागदावर तपासायचंच. कॉलेजला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता हवी. १९९२ च्या कायद्याने आलेली ही परिषद. डिग्रीनंतर तिच्याकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा नंबर मिळतो. नोंदणीशिवाय व्यवसाय करणं हा गुन्हा आहे, वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कायदा असा असूनही गावोगावी चष्म्याच्या दुकानात कानाची यंत्रं विकली जातातच, पण तो राग आज तुझ्यावर काढत नाही. ‘मान्यता प्रक्रियेत आहे, तोवर तुम्ही ॲडमिशन घ्या’ असं कुणी म्हणालं तर चहा पिऊन परत ये.

ड्रॉपबद्दल विचारलं नाहीस, पण प्रश्न पत्रात आहेच. क्लासच्या सरांनी सगळ्यांना तेच सांगितलं असेल. पहिल्या खेपेला काठावरून हुकलं, आजारपण होतं, आणि डॉक्टरच व्हायचं हे तुझ्या मनात पक्कं असेल तर ड्रॉपला अर्थ आहे. तुझ्या पत्रात एमबीबीएसची हळहळ मला कुठे दिसली नाही. दिसली ती घरच्यांची. फक्त एक गोष्ट आत्ताच मनाशी स्वच्छ कर: ही डिग्री घेऊन तू औषध लिहून देणार नाहीस, ऑपरेशन करणार नाहीस. नावापुढे ‘डॉक्टर’ लागायची हौस असेल तर पीएचडी कर. ईएनटी डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत, त्यांच्या बरोबरीने पण वेगळ्या कामाची माणूस म्हणून बसायचं आहे. हे ज्यांना टोचतं ते आयुष्यभर कुढत राहतात. फिजिओथेरपीचं म्हणशील तर तोही उत्तम पेशा आहे आणि बाबा चुकीचं काही सांगत नाहीत. नाव लोकांना माहीत आहे खरं. पण म्हणूनच गल्लोगल्ली फिजिओ आहेत. लातूरसारखं मोठं शहर सोडलं तर तुमच्या भागात स्पीच थेरपिस्ट शोधायला लोकांना किती लांब जावं लागतं, हे मावशीला विचारायला सांग त्यांना.

इंग्रजीचं. पुस्तकं इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. पहिलं वर्ष जड जाईल, शब्दकोश जवळ ठेव, सहा महिन्यांत सरावशील. बोलण्याचं म्हणशील तर तुझा रुग्ण मराठी बोलणार आहे, आणि तिथे तुझं पारडं जड आहे. मुंबईत वाढलेल्या, इंग्रजीत शिकलेल्या हुशार मुलींची पंचाईत होते ती इथे. नांदेडकडचं पोरगं म्हणतं, ‘मी जेवायलोय,’ आणि विद्यार्थिनी वहीत लिहिते: क्रियापदाची चूक. चूक नाहीच ती, त्याच्या घरात सगळे तसंच बोलतात. तू ‘काय करायलीस’ म्हणत मोठी झालीस, तुला हे कुणी शिकवायला नको. बोली कुठे संपते आणि विकार कुठे सुरू होतो हे ओळखणं आमच्या धंद्यातलं फार नाजूक काम आहे. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे, मुलाला एक जमतो, दुसरा नाही, हे ऐकू यायला कान मराठीच हवा. इंग्रजीत तपासण्यांच्या संचांची रेलचेल आहे, मराठीत ते थोडे आहेत. आपल्याला शब्द निवडावे लागतात, चित्रं काढावी लागतात, गावाकडच्या मुलाला ‘सँडविच’च्या जागी भाकरी दाखवावी लागते. पुढे एमएस्सीला किंवा संशोधनात मराठीवर काम करायला मोकळं रान आहे. भाषेचीच गोडी लागली तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आहे.

नोकरीचं खरं सांगते. पहिला पगार बघून बाबा गप्प बसतील. मोठ्या शहरातल्या खासगी क्लिनिकांत नव्या मुलांना कमी पैशांत राबवून घेतात, आणि सरकारी जागा बऱ्याचशा कंत्राटी असतात. जिल्हा रुग्णालयांत, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालच्या लवकर निदान केंद्रांत ऑडिओलॉजिस्टची जागा असते. शिवाय दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऐकण्याची तपासणी लागते, त्या दिवशी तर जिल्हा रुग्णालयात पाय ठेवायला जागा नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात श्रवणदोषाबरोबर वाचा आणि भाषेचं अपंगत्वही वेगळं नोंदलेलं आहे. याखेरीज मेडिकल कॉलेजं, विशेष शाळा, श्रवणयंत्रांच्या आणि इम्प्लांटच्या कंपन्या. कंपन्या पगार बरा देतात. तिथे विक्रीचं टार्गेट येतं, ते सोसणार का ते बघ. दोन-तीन वर्षं गर्दीच्या जागी काढून मग स्वतःचं क्लिनिक टाकणाऱ्यांचं बहुतेक चांगलं चालतं. स्पीचचं क्लिनिक तर एक खोली, चटई आणि खेळणी एवढ्यावर सुरू होतं. ऑडिओलॉजीला ध्वनिरोधक खोली आणि मशिनं लागतात, तिथे कर्ज आलं.

परदेशाचं एका दमात: अमेरिकेत पदवीवर काम करता येत नाही. स्पीचला तिथली मास्टर्स आणि ऑडिओलॉजीला व्यावसायिक डॉक्टरेट लागते. ऑस्ट्रेलियातही ऑडिओलॉजी मास्टर्सला आहे. ब्रिटनमध्ये दोन्ही पदव्या वेगवेगळ्या आहेत आणि स्पीच थेरपिस्टला तिथल्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. आपली बीएएसएलपी तिथे पुढच्या शिक्षणाचा पाया म्हणून उत्तम चालते, लगेच नोकरीचा परवाना म्हणून नाही. एजंट वेगळं सांगेल. जाता जाता, तिकडच्या मराठी आईबापांचे फोन मला येतात: ‘मूल उशिरा बोलतंय, घरात मराठी बंद करू का?’ करू नका. दोन भाषांनी भाषेचा विकार होत नाही. ज्या भाषेत आई मनापासून बोलते तीच मुलाशी बोलायची.

पसंतीक्रम भरायच्या आधी दोन दिवस मोकळे काढ. मावशीला सांगून त्याच मॅडमना फोन कर आणि ‘बाजूला बसून बघू का’ असं विचार; बहुतेक हो म्हणतील, फक्त रुग्णाच्या घरच्यांची परवानगी लागेल आणि मोबाइल बाहेर ठेवावा लागेल. या वेळी मुलांची सेशन बघू नकोस, ती गोड असतात. लकव्याच्या एखाद्या आजोबांची बघ, पाऊण तास, एकाच शब्दावर चाललेली. बाबांनाही सोबत ने. आणि आरसीआयच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव सापडलं की तिथेच थांबू नकोस, पुढच्या रकान्यात मान्यता कोणत्या शैक्षणिक वर्षापर्यंत आहे तेही वाच.